पोलीस भरतीसाठी पळताय? केस कापायच्या आधी हे वाचा

दहिवडी (ता. माण) : पहाटे पाचला आमच्या फाट्यावर उभं राहिलं की अंधारात आधी पायांचा आवाज येतो, मग मोबाइलच्या बॅटऱ्या दिसतात. भरतीच्या पोरी. कुणी एकटी, कुणी बहिणीबरोबर, तर काहींच्या मागं वडील मोटारसायकलवर हळूहळू. मी त्या वेळी दुधाची किटली घेऊन डेअरीला निघालेली असते, म्हणून रोज गाठ पडते. मी पत्रकार आहे हे त्यांना माहीत झाल्यापासून भरतीची तारीख, कागदपत्रं, दाखले असं काय काय विचारतात. पण मागच्या महिन्यात एकीनं थांबून जे विचारलं ते मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

"काकी, केस कापल्याशिवाय भरती होतच नाही का?"

झालं होतं असं. ती जिथं शिकायला जाते तिथल्या सरांनी सगळ्या मुलींना बॉयकट करून यायला सांगितलं. घरी आज्जीनं दोन दिवस जेवण सोडलं. वडील म्हणाले, केस कापायचे असतील तर पळणंच बंद. तिचे केस कमरेच्या खाली आहेत, दाट आहेत, आणि पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचं असंही घरात चाललंय. म्हणजे केसांवरून चाललेल्या भांडणात तिची भरतीच जायची वेळ आली. मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब, मी विचारून सांगते. मग भरती झालेल्या दोन-तीन महिला पोलिसांना, पळणाऱ्या मुलींना आणि तालुक्याच्या गावात पार्लर चालवणाऱ्या एका ताईंना विचारलं, काही स्वतः वाचलं. ते सगळं इथं देते, कारण हा प्रश्न एका घरातला नाही.

आधी नियमाचं बघू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक पात्रतेत महिलांची उंची मोजतात, ती १५५ सेंटिमीटर लागते. केसांची लांबी कुणी मोजत नाही. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. महिलांना ८०० मीटर पळण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. भरती झाल्यावरही केस ठेवता येतात, फक्त वर्दीत ते नीट बांधून, अंबाडा घालून जाळीत ठेवावे लागतात. तुम्ही कुठल्याही पोलीस ठाण्यात बघा, टोपीखाली अंबाडा आणि काळी जाळी दिसेल. तेव्हा 'केस कापल्याशिवाय भरती होत नाही' हे खरं नाही. तो त्या सरांचा स्वतःचा नियम आहे. त्यामागं त्यांचं कारण असेल, त्याकडं पुढं येते.

दुसरा प्रश्न, केस कापल्यानं पाय जास्त पळतात का? तर नाही. अमेरिकेच्या फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर यांनी १९८८ साली १०० मीटर १०.४९ सेकंदांत मारले. महिलांचा तो जागतिक विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आणि ही बाई लांब केस मोकळे सोडून पळायची, वर नखं वाढवलेली, रंगवलेली. जमैकाची शेली-अॅन फ्रेझर-प्राइस तर रंगीबेरंगी केसांसाठीच ओळखली जाते, आणि तिनं ऑलिंपिकची सुवर्णपदकं घेतलीत. दूर कशाला, बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी पळालेल्या लता करे यांच्यावर सिनेमा निघाला, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यांना कुणी केस कापून या म्हणालं नाही.

शर्यतीच्या शेवटी केस आडवे येतात असंही एकीनं मला सांगितलं. म्हणजे रेषेवर आधी कुणाचे केस पोचले, डोकं पोचलं, यावर नंबर ठरतो असा तिचा समज. तसं नाही. अॅथलेटिक्सच्या नियमात धड रेषेवर पोचलं की वेळ धरतात. डोकं, मान, हात, पाय यातलं काही धरत नाहीत. केसांचा तर प्रश्नच नाही. म्हणून तर पट्टीचे धावपटू शेवटच्या पावलाला छाती पुढं टाकतात.

मग केसांचा त्रास काहीच नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. पण तो लांबीचा नाही, बांधणीचा आहे.

हे मी माझ्याच अनुभवावरून सांगते. मी सातवीत असताना तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत ४०० मीटरला उतरले होते. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबिनी. शेवटच्या वळणावर मी दुसरी होते. तिथं एका वेणीची रिबीन सुटून खाली पडली. आई रागावेल म्हणून मी थांबले, मागं फिरले, रिबीन उचलली आणि परत पळाले. चौथी आले. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. आता हसू येतं, पण त्या वेळी रिबीन दीड रुपयाची होती आणि आईला काय सांगायचं हाच विचार डोक्यात होता.

अगदी तेच आजही होतं, फक्त रिबिनीच्या जागी क्लचर आलाय. शेजारच्या गावची एक मुलगी गेल्या भरतीला गेली होती. ८०० मीटर म्हणजे मोठ्या मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी चांगली गेली. दुसऱ्या फेरीत क्लचर निसटला, केस तोंडावर आले, आणि पुढं जवळजवळ दोनशे मीटर ती एका हातानं केस धरून पळाली. एक हात अडकला की दुसरा हात आणि पाय यांची लय बिघडते. हे वाटत नसेल तर उद्या सकाळी एक हात डोक्यावर ठेवून शंभर पावलं पळून बघा. गेल्या भरतीत महिलांना ८०० मीटरचे पूर्ण २० गुण २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तरच होते, त्याच्या पुढं टप्प्याटप्प्यानं गुण कमी होत जात होते. तिचं म्हणणं तिचे दोन गुण तिथं गेले. तिचं नाव यादीत आलं नाही. ते केवळ केसांमुळं असं मी म्हणणार नाही, लेखीतही ती मागं होती. पण जिथं एका गुणावर शंभर पोरी अडकलेल्या असतात तिथं दोन गुण क्लचरला देऊन चालत नाही.

आता एक गंमत सांगते. पळताना पोनी कशी हलते ते कधी निरखून बघितलंय का? डोकं तर वर-खाली होतं, पण पोनी डावी-उजवीकडं झुलते. असं का, याचा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडलाय. जोसेफ केलर नावाच्या गणितज्ञानं त्यावर लेख लिहिला आणि २०१२ साली त्याला आणि त्याच विषयावर काम केलेल्या आणखी तिघांना 'इग नोबेल' म्हणून जे पुरस्कार देतात, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला, तो मिळाला. कारण साधं आहे. लोंबती दोरी वरून धरून वर-खाली हिसके दिले, आणि हिसक्यांचा वेग जुळला, तर ती सरळ राहत नाही, बाजूला झुलायला लागते. पोनीचं तसंच. तुमची दोन पावलं पडेपर्यंत तिचा एक झोका पुरा होतो, आणि प्रत्येक पाऊल त्या झोक्याला आणखी जोर देतं. त्यामुळं ती आपोआप शांत होत नाही, पळणं थांबेपर्यंत झुलतच राहते. झुलणारी पोनी रबर सैल करते, मानेवर फटके मारते, आणि घोळक्यात मागून पळणारीच्या डोळ्यातही जाते. कमरेपर्यंतची एकच वेणी असेल तर ती पाठीवर चाबकासारखी बसते. म्हणून नियम एकच धरा. केस लोंबते ठेवायचे नाहीत. डोक्याला चिकटून राहतील असे बांधायचे.

त्यासाठी सगळ्यात चांगली बांधणी मला सगळ्यांनी एकमतानं सांगितली ती दोन बाजूच्या सागरवेण्या. ज्यांना सागरवेणी येते त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

केस कोरडे असताना गुंता काढून घ्या. ओल्या केसांची वेणी घालू नका, ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. कपाळापासून मानेपर्यंत मधोमध सरळ भांग पाडा. एक बाजू रबरानं बांधून ठेवा म्हणजे मधे येणार नाही. दुसऱ्या बाजूला कपाळाजवळ, भांगाला लागून, दोन बोटांएवढे केस घ्या आणि त्याचे तीन पेड करा. उजवा पेड मधल्यावर, डावा पेड मधल्यावर, हे नेहमीसारखं. फरक एवढाच की दर वेळी बाजूचा पेड मधे आणायच्या आधी त्यात त्याच बाजूची एक बारीक बट मिसळायची. हात डोक्याला टेकलेला ठेवायचा, केस वर ओढून धरले की वेणी सैल उभी राहते. असं करत कानाच्या मागून मानेपर्यंत यायचं. तिथं सगळे केस वेणीत आलेले असतात, पुढं साधी तीन पेडी वेणी शेवटपर्यंत. दुसरी बाजूही तशीच. मग खाली दोन वेण्या उरतात. खांद्यापर्यंतच असतील तर तशाच राहू द्या. लांब असतील तर मानेच्या वर दोन्ही एकमेकींत गुंतवून, वर दुमडून, रबरानं बांधायच्या. शाळेत रिबिनीनं दुमडायचो तसंच, फक्त दोन्ही एकत्र आणि डोक्याला लागून.

पहिल्यांदा अर्धा तास लागतो. हात बसला की दहा-बारा मिनिटं. स्वतःची स्वतःला घालायला अवघड जाते, कारण मागचं दिसत नाही आणि हात भरून येतात. आमच्या फाट्यावरच्या पोरींनी जोड्या लावल्यात, आदल्या रात्री एकमेकींच्या घालतात आणि तशाच झोपतात. सकाळी उठून फक्त पाणी मारून पळायला. रात्री घातलेली वेणी सकाळी थोडी सैल होते, पण सुटत नाही, आणि साडेचारला उठून आरशापुढं बसण्यापेक्षा झोप बरी.

ज्यांचे केस खूप दाट नाहीत त्यांना अंबाडाही चालतो. पण लग्नात घालतो तसा आकड्यांवर उभा केलेला नाही. आधी कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत घट्ट पोनी बांधायची, तिची साधी वेणी घालायची, वेणी पोनीच्या रबराभोवती गुंडाळायची, वर दुसरं रबर, त्यावर जाळी. दोन रबरं महत्त्वाची, एक तुटलं तरी दुसरं धरतं. मग वीस उड्या मारून बघायच्या आणि मान जोरात हलवून बघायची. अंबाडा जागचा हलला तर तो दोन फेऱ्या टिकणार नाही. परत बांधा.

गंगावन लावून अंबाडा मोठा करायचा मोह काहींना होतो. मैदानावर तरी नको.

खरा त्रास खांद्यापर्यंत केस असलेल्यांना होतो. धड लांब नाही धड आखूड नाही. वेणीत बसत नाहीत आणि पोनीतून कानाजवळच्या बटा निसटतात. त्यांनी पुढच्या केसांच्या डोक्याला चिकटून दोन बारीक सागरवेण्या घालाव्यात, त्या मागं पोनीत घ्याव्यात, आणि उरलेल्या बटांना टिकटॅक पिन लावावी. पिन लावायची ती कपाळापासून लांब, कानाच्या वर. आणि कपाळाला पट्टी. पट्टी विकत घ्यायची गरज नाही. जुन्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी फाडायची, दुमडून शिवायची, मागं गाठ मारायची. घाम शोषून घेते, जी दीडशे रुपयांची नायलॉनची मिळते ती तेवढा घाम शोषत नाही. दोन करून ठेवा, एक वाळत असताना दुसरी.

बॉयकट केलेल्यांनाही पट्टी लागते हे सांगून ठेवते. एका मुलीनं हौसेनं केस कापले आणि मग तिच्या लक्षात आलं की आखूड केस बांधता येत नाहीत, घामानं कपाळावर चिकटतात आणि घाम थेट डोळ्यात येतो.

आता मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट, जी कुणी सांगत नाही. धावण्याबरोबर गोळाही टाकायचा असतो. महिलांचा गोळा चार किलोचा. तो टाकायच्या आधी मानेला, जबड्याखाली टेकवतात. उजव्या हातानं टाकत असाल तर उजव्या कानाखालची जागा मोकळी पाहिजे. तिथं वेणी लोंबत असेल तर गोळा आणि मान यांच्यामधे केस अडकतात. गोळा घसरतो आणि सुटताना केसांना हिसका बसतो तो वेगळाच. मानेवर खाली बांधलेला अंबाडाही तिथं नडतो. म्हणून वेण्या वर दुमडून डोक्याच्या मागं बांधायच्या, मान दोन्ही बाजूंनी मोकळी. सराव करतानाही तशीच बांधणी ठेवा. सरावाला एक आणि भरतीला दुसरी असं केलं की त्या दिवशी काहीतरी वेगळं लागतं, आणि लक्ष तिथंच जातं.

उठाबशा, पोटाचे व्यायाम पाठीवर झोपून करत असाल तर मात्र डोक्याच्या मागचा अंबाडा टोचतो आणि मान वाकडी होते. त्या वेळेपुरता तो सोडा, वेणी बाजूला घ्या.

क्लचर, लोखंडी आकडे, टोकदार पिना मैदानावर नकोत. पडलात तर त्या डोक्यात घुसतात. खडीच्या रस्त्यावर पहाटे अंधारात पळताना पडणं काही नवीन नाही. कानातले लोंबते डूल घरी ठेवा, बट त्यात अडकते. आणि मोटारसायकलवर मागं बसून मैदानावर जाणाऱ्यांनी ओढणी पोटाशी बांधा, लांब वेणी जर्किनच्या आत घाला. चाकात ओढणी अडकून झालेल्या अपघातांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात. त्या लिहिताना हात थरथरतो.

रबराचं बोलू. वहीला, नोटांना लावायचं पिवळं रबर केसांना लावू नका. काढताना केस घेऊनच निघतं. कापड गुंडाळलेलं रबर घ्या, बाजारात दहा रुपयांना दोन-तीन मिळतात. तेही नसेल तर जुन्या मोज्याचा वरचा काठ गोल कापून घ्या, त्याच्यासारखं रबर नाही. ही युक्ती मला पार्लरवाल्या ताईंनी सांगितली, धंद्याचं नुकसान करून.

घट्ट बांधायचं म्हणजे किती, हे नीट समजून घ्या. वेणी हलू नये एवढं घट्ट. डोळे ओढले जातात, कपाळाची कातडी ताणली जाते, डोकं ठणकतं इतकं नाही. रोज तसं ओढून बांधलं की कपाळाजवळचे आणि कानापुढचे केस विरळ होत जातात. सुरुवातीला बारीक फुटकुळ्या येतात, मग भांग रुंद दिसायला लागतो. वेळेवर सैल केलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर तिथले केस कायमचे जातात. डॉक्टरांकडं याला वेगळं नाव आहे, पण कारण ओढणं हेच. म्हणून पळून आल्यावर वेण्या सोडा, दिवसभर सैल ठेवा, आणि भांगाची जागा अधूनमधून बदला.

तेलाचं आमच्याकडं फार. केस लांब म्हणजे चपचपीत तेल, असंच सगळ्या आयांना वाटतं. पण तेल लावून पळालं की घामाबरोबर ते कपाळावरून डोळ्यात उतरतं, डोळे चुरचुरतात, वर रस्त्याची धूळ चिकटते. तेल लावा, खोबरेल चांगलंच आहे, पण सुट्टीच्या आदल्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी धुऊन टाका. कोंडा होत असेल तर तेल कमीच करा, तेलानं कोंडा जात नाही, उलट वाढतो.

रोज पळणाऱ्यांनी रोज शाम्पू करायची गरज नाही. आमच्या भागात पाण्याचं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. घाम आला की साध्या पाण्यानं डोक्याची मुळं धुवा, आणि आठवड्यातून दोनदा शाम्पू किंवा शिकेकाई. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर अंगाचा साबण केसांना अजिबात लावू नका, त्याचा चिकट थर बसतो आणि केस काथ्यासारखे होतात. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला तरी फरक पडतो. केस पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नका. ओले बांधले की वास येतो आणि खाज सुटते.

वसतिगृहात, अकादमीत दहा-बारा मुली एका खोलीत राहतात तिथं उवांचा प्रश्न असतोच, लाजायचं कारण नाही. कंगवा, टॉवेल, पट्टी आपापली ठेवा. एकीला झाल्या तर सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावा आणि आठवड्यानं परत. मला वाटतं त्या सरांच्या बॉयकटमागं खरं कारण हेच असणार. पंचवीस मुलींच्या वेण्या, उवा, सकाळचा उशीर. त्यांची अडचण मला कळते. पण मग तसं सांगावं, भरतीच्या नावावर खपवू नये.

आणि एक गोष्ट जरा गंभीर. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं साधं आहे, कंगव्यात दिसले म्हणून घाबरू नका. पण मूठमूठ केस जात असतील, त्याबरोबर पळताना लवकर दम लागत असेल, चक्कर येत असेल, पाळी जास्त जात असेल, तर तेल बदलू नका, रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघतात, लोहाच्या गोळ्याही तिथं फुकट मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालंय. सरावाला दोन वेळा जाऊन वेळ सुटत नाही म्हणून रडणाऱ्या पोरीला कधी कधी सरावाची नाही, रक्ताची कमी असते. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-पाण्याबरोबर घ्या.

भरतीच्या दिवसाचं थोडं. छातीवर नंबर लावतात, काही जिल्ह्यांत वेळ मोजायला चिपही देतात. वेणी पुढं घेऊन नंबर झाकू नका. पिशवीत दोन जास्तीची रबरं, एक पट्टी, चार टिकटॅक पिना आणि कंगवा ठेवा. २०२४ ची भरती जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू झाली होती. भिजलेले केस जड होतात आणि अंबाडा खाली ओढतात. पावसाचा दिवस असेल तर अंबाड्यापेक्षा सागरवेण्याच घाला, त्या भिजल्या तरी जागेवर राहतात.

आपल्या माणच्याच मोहीची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती फायनलला गेली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या फायनलला पोचलेली ती पहिली भारतीय बाई. हे मी त्या मुलीच्या वडिलांपुढं मुद्दाम काढलं. कारण केस कापायला नको म्हणणाऱ्या बापाला मला एवढंच सांगायचं होतं की पळणं बंद करायचं कारण केस होऊ शकत नाहीत.

वडील आणि सर दोघांशी बोलणं झालं. सरांनी ऐकलं, पण एका अटीवर. केस मैदानावर एकदाही सुटलेले दिसले तर पुढच्या दिवशी बाहेर. आज्जीला सागरवेणी येत होती, तिच्या वेळी हळदी-कुंकवाला घालायचे म्हणाली. आता तीच रात्री घालून देते, आणि पोरगी पुढं सरकली की पाठीत धपाटा घालते. त्याच मुलीच्या मैत्रिणीनं मात्र स्वतःच्या मनानं केस कापले, तिला रोजची वेणी नको होती, आणि तिचं चांगलं चाललंय. तिच्या घरी कुणी जेवण सोडलं नाही.

ज्यांना सागरवेणी येत नाही त्यांनी गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा, मोबाइलवर व्हिडिओ आहेत पण त्यात सगळ्यांचे केस पातळ असतात. आणि नवीन भरतीची जाहिरात आली की गुण आणि वेळेचे टप्पे त्यात वाचून घ्या, दर वेळी तेच असतील असं नाही. जाहिरात आल्या आल्या तारखा इथं देऊ.